तिसऱ्या शाफ्टचे मालक

शुक्रवारी सकाळी मामेलो मोलेत्सानेने नेहमीप्रमाणे भागधारकांची यादी उघडली आणि वरून खाली उतरताना तिची नजर अडखळली. एक नाव नव्हतं. ते कुठल्या ओळीत असतं हे तिला सांगता आलं नसतं, कारण इतक्या वर्षांत तिने ते कधी वाचलंच नव्हतं; ते तिथे असायचं आणि नजर त्याच्यावरून पुढे जायची. खाणकामगारांचा पेन्शन फंड. तिने यादी पुन्हा वरून पाहिली, मग आडनिड्या बँकांच्या नावांमागे तो लपलाय का ते पाहिलं, मग मागच्या आठवड्याची यादी शेजारी ठेवली. मागच्या आठवड्यात होता. या आठवड्यात त्याने सगळे शेअर विकले होते, एकही मागे न ठेवता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी पेरूचा रस सांडला होता आणि तो वास हवेत पसरला होता. पुढे कितीतरी दिवस पेरूच्या वासाबरोबर तिला त्या रिकाम्या जागेची आठवण येत राहिली.

तिचं काम एवढंच होतं. वेल्कोमजवळ सोन्याच्या खाणी असलेल्या एका जुन्या कंपनीचे शेअर कोणते मोठे फंड घेतात, कोणते विकतात, हे बघायचं. यादीत फंडांची नावं क्वचितच सरळ असतात. तिथे असतात बँका, त्यांच्या मागे आणखी बँका आणि सगळ्यांत मागे कुठल्यातरी शहरातल्या इमारतीत बसलेला एखादा माणूस, ज्याने सोनं घ्यायचं किंवा सोडायचं ठरवलेलं असतं. त्या माणसापर्यंत पोचायचं, त्याला फोन करायचा, गोड आवाजात विचारायचं, आपण का घेतलंत, का विकलंत, आणि ते कंपनीला कळवायचं. जोहान्सबर्गच्या रोझबँकमधल्या या छोट्या ऑफिसात तिच्याइतकं हे कोणाला जमत नसे. कोण रोज थोडं थोडं विकतो, कोण बातमी यायच्या आधी गप्प होतो, कोण घाबरट, कोण हट्टी, हे तिला आकड्यांच्या चालीवरून कळायचं. तिचे वडील सेआबाता, तिचे न्ताते, सांगायचे की खाणीच्या काळोखात येणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, नुसता दिवा दिसतो, पण दिवा कसा हलतो त्यावरून कोण आहे ते ओळखू येतं. मुलीचं काम त्यांना बरोबर समजलं होतं. दर महिनाअखेरीस ती सरहद्दीपलीकडे माफेतेंगला घरी गेली की ते भिंतीशी उन्हात बसलेले असायचे, आणि तिने पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायचे, "काय मग, आपल्याला कोण घेतंय? कोण विकतंय?" आपल्याला. जणू कंपनी म्हणजे ते स्वतः. तिने चार नावं सांगितली की मान डोलवायचे, आणि मग, दुसरीकडे बघत, आवाज थोडा खाली आणून: "आपण आहोत ना अजून त्यात?" आपण म्हणजे कामगारांचा फंड. ती म्हणायची, "आहोत, न्ताते." मग जेवण. मक्याचा घट्ट पापा, मोरोहोची पालेभाजी, कधी मटणाचा तुकडा.

रिआन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो तिचा साहेब, पण साहेबासारखा वागायचा नाही; काळजी वाटली की घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करायचा. सोन्याचा भाव वर्षभर चढतोय आणि नेमके कामगारच बाहेर पडतात, म्हणजे त्यांना आतलं काहीतरी कळलंय, असं बाजार म्हणणार, असं त्याचं म्हणणं होतं. दुपारपर्यंत कारण हवं होतं. ती हो म्हणाली. तिने हात मांडीखाली घेतले, शाळेत घ्यायची तसे.

शाळेत ती पहिलीत किंवा दुसरीत होती तेव्हा तिच्या काकांची बातमी आली. त्सेलिसो, न्तातेंचा धाकटा भाऊ. दोघे खाणीत उतरायच्या एकाच शाफ्टमध्ये, त्या खोल विहिरीत, होते, तिसऱ्या. खालच्या थरात लाकडी आधारांना आग लागली आणि वरच्या थरातली माणसं बाहेर आली, खालचा त्सेलिसो आला नाही. आग विझेना. शेवटी कंपनीने तो सगळा भाग भिंत घालून बंद केला, हवा तोडायला. आत कोणी जिवंत असणं शक्य नाही, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण माफेतेंगला पुरायला काही आलं नाही. बायका शोकाला जमिनीवरच्या गादीवर येऊन बसल्या, कापायला बैल ठरला, आणि मग मोठ्यांची खालच्या आवाजात बोलणी झाली आणि बैल परत सोडला. मामेलोला एवढंच आठवत होतं की आता सगळ्यांची डोकी भादरणार म्हणून ती घाबरून शेळ्यांच्या गोठ्यात लपली होती, आणि संध्याकाळी कळलं की मातीच नाही तर भादरायचं कसलं. तिला किती हायसं वाटलं होतं. केस वाचल्याचा तो आनंद अजून तिच्या अंगात कुठेतरी होता, आणि त्याला हात लावायची तिला हिंमत होत नसे. न्ताते त्यानंतरही त्याच शाफ्टमध्ये काम करत राहिले. दुसरीकडे जास्त पगार मिळत होता, तरी गेले नाहीत. पाळी संपली की वाट वाकडी करून ते त्या भिंतीपाशी जात आणि हात टेकवत. भिंत गरम असायची. एक वर्ष, दोन वर्षं, त्याहूनही पुढे. हे त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं, ती नोकरीला लागली तेव्हा. म्हणाले होते की झिरपणारं पाणी उपसणारे पंप चालू आहेत तोवर तो थर कोरडा राहील. आणि कोरडा राहिला तर कधीतरी, सोनं पुरेसं महाग झालं की, कंपनी ती भिंत फोडेल आणि त्सेलिसोला वर काढता येईल. फंड मोठा मालक होता, त्याचा फोन कंपनीला घ्यावाच लागे. फंडाच्या विश्वस्तांत न्तातेंच्या पाळीतले जुने सोबती होते, वुसी मान्याथी, आणि दर वर्षी ते कंपनीला विचारून न्तातेंना कळवत की पंप चालू आहे.

तिने मान्याथींनाच फोन लावला.

"बाबा मान्याथी, मामेलो बोलतेय."

"ऑफिसची मामेलो, की सेआबाताची?"

"आज दोघी."

ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. न्तातेंच्या खोकल्यासारखाच, खडीवरून पत्रा ओढल्यासारखा. त्या पिढीतल्या सगळ्यांचा तोच. मग त्यांनी सांगितलं, की आतलं काही नाही. खाण ठणठणीत आहे. फंडातच माणसं उरली नाहीत. खाली उतरणारी नवी पोरं थोडी, आणि खिडकीशी रोज विधवांची रांग. मॅट्रिकच्या परीक्षेला बसतात तशा बायका ओळीने बसतात, म्हणाले. त्यांना द्यायचं तर काहीतरी विकायला हवं, आणि ज्याला भाव आहे तेच विकलं जातं.

"सोनं चढलं म्हणून विकलं, पोरी. आमची माणसं मरतायत त्या वेगाने दुसरं काही चढतच नव्हतं."

तिने विचारलं, की आता पंपाचं कोण बघणार. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. ते आता नवे मालक बघतील, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी न्तातेंना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. तो लांबलेला श्वास तिला खटकला, पण तिला वाटलं, म्हाताऱ्याला लाज वाटली असेल.

अहवालात कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: रोख रकमेची गरज. रिआनने वाचलं, खांदे सैल केले. म्हणाला, म्हणजे वाईट बातमी नाही तर. ती म्हणाली, नाही. संध्याकाळपर्यंत तिने घेणारेही शोधले. कॅनडातल्या निवृत्त नर्सेसचा पेन्शन फंड. तिथल्या बर्फाळ शहरातल्या म्हाताऱ्या नर्सेसनी माफेतेंगच्या आणि म्खोत्लोंगच्या म्हाताऱ्यांकडून तिसरा शाफ्ट घेतला होता, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. सगळं तिला एकटीला माहीत होतं. तिला नेहमी वाटे की हे कळणं म्हणजे ताकद आहे. त्या संध्याकाळी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघताना ते तिला एखाद्या आजारासारखं वाटलं, जो अजून कोणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सरहद्द ओलांडून ती घरी पोचली तेव्हा न्ताते भिंतीशीच होते, ब्लँकेट खांद्यावर पिनेने अडकवलेलं. वाटेभर तिने ठरवलं होतं की सांगायचं नाही. त्यांनी विचारायचं, आपण म्हणायचं आहोत, एक शब्द. पण त्यांनी विचारलं आणि तिला तो शब्द तोंडातून काढता येईना. तो दर महिन्याला वापरून झिजला होता की काय कोण जाणे. तिने सांगून टाकलं.

न्तातेंनी घाई केली नाही. ते दोन श्वासांमध्ये बोलत, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य विचार करून आल्यासारखं वाटे.

"भाव बरा मिळाला?"

"बरा मिळाला, न्ताते."

"मग बायकांना वेळेवर मिळेल." ते थोडं थांबले. "घेतलं कोणी?"

तिने नर्सेसचं सांगितलं. त्यांना हसू आलं. दवाखान्यातली ती सुई टोचणारी, तसल्या का, असं त्यांनी विचारलं, आणि स्वतःशीच मान हलवत राहिले. अंगणात शेजाऱ्याची कोंबडी आली, तिला त्यांनी काठीने हाकललं. मामेलोला वाटलं, संपलं, एवढंच होतं. इतकी वर्षं ती ज्याला भीत होती ते एवढंसंच. तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांना माहीत नसेल. घर विकताना सांगतात की नाही, आत कोण राहतं ते? आपण सांगायला हवं. सांग त्यांना, आमचं एक माणूस आत आहे, पंप बंद करू नका."

असं करता येत नाही, हे तिला समजावता आलं असतं. तिने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात, तिचे फोन टेप होतात, फंडाला कंपनीबद्दल एक जादा शब्द सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी. पण ते तिच्याकडे बघत होते, आणि ज्या माणसाने फुप्फुसं देऊन तिला त्या काचेच्या इमारतीत बसवलं होतं त्याने तिच्याकडे आजवर काहीही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, सांगते.

मंगळवारी तिने कॅनडाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. ओडेट गान्यों नावाची बाई, आवाजावरून साठीची, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देणारी. सोनं का, तर महागाईची भीती. किती वर्षं ठेवणार, तर बरीच. खाणीत लोकांची काळजी घेतली जाते का, एवढंच आम्ही आधी तपासलं, असंही ती म्हणाली. प्रश्न संपले. बाई विचारत होती, आणखी काही? टेपचा लाल ठिपका पडद्यावर जळत होता. मामेलोला आपलाच आवाज ऐकू आला, नेहमीचाच, गोड, मापातला, आणि तो सांगत होता की तिसऱ्या शाफ्टच्या खालच्या थरात, भिंतीच्या आत, एक माणूस आहे. त्याच्या घरच्यांची इच्छा आहे की तो थर कोरडा राहावा. वर्षातून एकदा आपण विचारलंत, पंप चालू आहे का, तर बरं होईल. पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला, पेन असावं.

"त्यांचं नाव काय?" बाईने विचारलं.

मामेलोने ते सांगितलं आणि तिच्या लक्षात आलं की हे नाव तिने मोठ्याने कधीच उच्चारलं नव्हतं. घरी ते कोणी घेत नसे. त्सेलिसो म्हणजे सांत्वन. त्याच्या आधी एक मूल गेलं होतं म्हणून ते ठेवलेलं. एकेक अक्षर सांगून झालं. मग बाईने आडनाव विचारलं, आणि तेही तिने सांगितलं.

"हे तर तुमचं," बाई म्हणाली.

"हो."

बाई म्हणाली की वचन देता येत नाही, पण ती विचारेल.

रिआनने तो टेप गुरुवारी ऐकला. त्याने तिला आत बोलावलं, दार लावलं आणि घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, की आधी मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, तुम्ही नाही म्हणाला असतात. तो म्हणाला, हो, म्हणालो असतो. तिच्याकडून खाणकंपनी काढून घेतली आणि किराणा दुकानांच्या एका साखळीचे शेअर दिले. तिथे कोणी घेतलं काय, विकलं काय, तिला काहीच वाटेना. ती जेवायच्या सुट्टीत खालच्या बागेत बसे आणि सोन्याचा भाव बघे, सवयीने. तिला कळत होतं की आपण आयुष्यभर फक्त एकाच नावावर, काकांच्या, नजर ठेवून होतो, आणि ते यादीत नव्हतं, कधीच नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा ओडेट गान्योंचा फोन आला, ऑफिसच्या नंबरवर नाही, तिच्या मोबाइलवर. नंबर कुठून मिळवला ते बाईने सांगितलं नाही, हिनेही विचारलं नाही. कंपनीने उत्तर दिलं होतं. त्या थराचा पंप फार वर्षांपूर्वीच बंद केलाय. पाणी भिंतीच्याही कितीतरी वर गेलंय. तेव्हाच्या मोठ्या भागधारकांना त्याच वेळी कळवलं होतं, असंही कंपनी म्हणते. बाई म्हणाली, मला वाईट वाटतं. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. ती पूर्वी स्वतः नर्स होती, हे मामेलोला तिच्या गप्प राहण्यावरून कळलं.

मान्याथींना फोन केला तेव्हा तिने नमस्कारसुद्धा केला नाही. तुम्हाला माहीत होतं, एवढंच म्हणाली. ते हो म्हणाले. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी सेआबाता नुकताच दवाखान्यातून आला होता. नंतर ते राहूनच गेलं.

"पंप चालू आहे म्हटलं, की तुझा बाप एक श्वास घ्यायचा," ते म्हणाले. "पुरता श्वास, मध्ये खोकला नाही. तेवढा ऐकायला मी फोन धरून बसायचो, पोरी. आमच्यापैकी कोणाला तो जमत नाही आता."

तिला त्यांना खूप काही बोलायचं होतं. ती आहोत, न्ताते, आहोत, न्ताते म्हणत आलेली सगळी वर्षं तिला आठवली. ते शब्द खरे होते आणि तरी मान्याथींच्या शब्दांहून वेगळे नव्हते. फंड त्यात होता, आणि पाणीही. बागेतल्या बाकावर शेजारी एक मुलगी चिप्स खात होती. मामेलोने फोन बंद केला आणि चिप्सचा कुरकुर आवाज ऐकत राहिली, जणू तो थांबला तर काहीतरी कोसळेल.

या खेपेला न्तातेंनी ती पिशवी ठेवेपर्यंत वाट पाहिली. चुलीपाशी बसले होते, बाहेर वारा होता. त्या बाईने विचारलं का, असं त्यांनी विचारलं. मामेलो त्यांच्या पायाशी बसली आणि सांगितलं: विचारलं. पंप बंद आहे, न्ताते. फार वर्षांपासून. मान्याथींचं नाव तिने घेतलं नाही, पण ते त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी एकदा डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, वुसी बिचारा.

"पाणी कुठवर आलंय?"

"भिंतीच्या वर. खूप वर."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. तळहात वर केला, बोटं पसरली, आणि ती तशीच धरून ठेवली. ती त्यांचा हात धरणार होती, पण तो हात तिच्यासाठी पसरलेला नव्हता. वारा पत्र्यावर वाजत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांच्या छातीतून आवाज आला. तिला वाटलं, खोकला. पण ते रडत होते, आणि रडण्यासाठीही त्यांना श्वास पुरत नव्हता.

"म्हणजे आग विझली," ते म्हणाले. "तो जळत नाहीये, पोरी. मी इतकी वर्षं..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

तिला भिंतीचं ठाऊक होतं, गरम भिंतीचं. पण तो हात निवृत्तीनंतरही त्या भिंतीवरून उचलला गेला नव्हता, हे तिला ठाऊक नव्हतं. मोठ्या फंडांच्या मनातलं ओळखणारी ती, दर महिन्याला त्याच हाताला चहाचा कप देत आली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी त्सेलिसोला माती दिली. पुरायला त्याचं ब्लँकेट होतं, खाणीच्या होस्टेलच्या खोलीतून न्तातेंनी तेव्हा आणलेलं आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेलं. तपकिरी, एका कडेला विडीने पडलेलं भोक. गावातली माणसं आली, बैल कापला, पाद्र्याने त्सेलिसोचं नाव घेतलं, आणि मग म्हाताऱ्या बायकांनीही ते घेतलं, आधी बिचकत, मग मोकळेपणी, आणि एकीने तर तो नाचायचा कसा तेसुद्धा सांगितलं. मान्याथी क्वाझुलूहून रात्रभर टॅक्सीने आले होते. ते फाटकापाशीच टोपी हातात घेऊन उभे राहिले. न्तातेंनी त्यांना बघितलं आणि काठीने शेजारची खुर्ची दाखवली. ते येऊन बसले. दोघांचे श्वास मामेलोला मागे उभी असताना ऐकू येत होते, एकाचा संपला की दुसऱ्याचा.

त्याच शनिवारी सकाळी, माणसं जमायच्या आधी, चार जण गोठ्याच्या वरच्या चढावर खड्डा खणत होते. जमीन थंडीने कडक झाली होती आणि पहारीचा आवाज डोंगरावरून परत येत होता. रीतीप्रमाणे खणणारा माणूस खांद्यापर्यंत आत जायला हवा. ते मांडीपर्यंत गेले होते तेव्हा न्तातेंनी मामेलोच्या खांद्यावर हात ठेवून चढ चढायला घेतला, दर चार पावलांनी थांबत. वर पोचल्यावर ते खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले, आत बघितलं आणि हात वर केला.

"बास करा रे," ते म्हणाले. "खोल नको. खोल फार राहिला तो."

खणणाऱ्यांतल्या वयस्क माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. तो खड्ड्यातून वर आला आणि त्याने फावडं पुसून बाजूला ठेवलं.